गाडी बाहेर उभी आहे

आयडलिंग बिघडलेली गाडी दुरुस्त करणं हे माझ्या धंद्यातलं सगळ्यात डोकं खाणारं काम. ब्रेक लागत नसेल तर ब्रेक बघायचे, धूर येत असेल तर रिंगा बघायच्या. पण गाडी जागेवर उभी असताना इंजिन आपणहून चढतं आणि पडतं, कधी शहाण्यासारखं चालतं आणि कधी नाही, याला ढीगभर कारणं असतात आणि गिऱ्हाईकाला एकच उत्तर हवं असतं. माझी पद्धत साधी आहे. इंजिन गरम होऊ द्यायचं, गाडी चालू ठेवून शेजारी खुर्ची टाकायची आणि दोष स्वतःहून समोर येईपर्यंत वाट बघायची. अर्धे मेकॅनिक इथेच हरतात. त्यांना धीर नसतो, ते लगेच पाना उचलतात आणि जे चांगलं आहे तेही सैल करून ठेवतात.

भूतबित मी मानत नाही. मी गॅस्केट मानतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकताना लोक माझ्याकडे ज्या नजरेने बघतात ती आता मला पाठ झाली आहे.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या शेडमध्ये दाजींची पिकअप उभी होती. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. ते जाऊन थोडेच आठवडे झाले होते आणि ताई आमच्याकडे राहत होती. शेडच्या मागे अंगण, अंगणापलीकडे आमचं घर, आणि स्वयंपाकघराच्या दाराबाहेर एक ओटा. तिथे बसलं की शेड समोरच दिसते. गाडी जुनी होती, कार्ब्युरेटरची. आजच्या गाड्यांसारखं कॉम्प्युटरचं लचांड तिच्यात नव्हतं. पुढे दोघांपुरती सीट, मागे उघडा हौदा, रंग कधीकाळी निळा. डावीकडचं दार एका फटक्यात लागत नसे. आधी हलकं आणि मग जोरात, असं दोनदा आपटावं लागे. लॅच बदलून देतो म्हणून मी वर्षानुवर्षं मागे लागलो होतो. दाजी म्हणायचे, राहू दे, तिला सवय आहे. डावीकडे ताईच बसायची.

दाजी कधी हॉर्न वाजवत नसत. लोकांना याचं फार कौतुक. बायकोला घ्यायला स्वतः येतात, दारात गाडी लावून निमूट बसून राहतात, वर तोंडातून शब्द नाही. खरंच शब्द नसायचा. ताई कुठेही गेली, आमच्याकडे, दवाखान्यात, एखाद्या मैत्रिणीकडे, की थोड्या वेळाने बाहेर गाडी येऊन थांबायची आणि इंजिन चालूच राहायचं. आधी नुसतं आयडल. मग पायाचा हलका दाब, आवाज जरासा चढून खाली. मग थोडा मोठा दाब. आणि त्यानंतर पाय दाबलेलाच राहायचा. तिथपर्यंत गोष्ट सहसा जायची नाही. पहिल्या चढाला ताई कप खाली ठेवायची, दुसऱ्याला तिचा पाय चप्पल शोधू लागायचा. बोलणं तोडायची नाही, हसतही असायची, आणि हसता हसता म्हणायची, "निघते मी." तिच्या अर्ध्या राहिलेल्या कपांची आमच्या घरात थट्टा चालायची. थट्टा कशाची होती ते आम्हाला कळायला हवं होतं.

आई गेली त्या दुपारी ताई तिच्या उशाशी बसली होती. आईचा हात तिच्या हातात होता. बाहेर आवाज चढला, उतरला, पुन्हा चढला. ताईने आईचा हात पांघरुणावर ठेवला, नीट ठेवला, आणि उठली. संध्याकाळच्या आत आई गेली. दाजींनी नंतर सगळी व्यवस्था जातीने बघितली आणि लोक म्हणाले, जावई असावा तर असा. मी त्या माणसाचा तिरस्कार करत होतो. तो मेला म्हणून आता गोड बोलायला मी काही सभेत उभा नाही.

ते मेले तेही असेच, आमच्या फाटकाबाहेर, गाडी चालू ठेवून. ताई ओट्यावर बसली होती. पहिला चढ आला. माझ्या बायकोने तिच्या कपात आणखी चहा ओतला आणि ताई एकदम म्हणाली, "थांबू दे जरा." असं ती आयुष्यात पहिल्यांदा म्हणाली. दुसरा चढ आलाच नाही. बाहेर आयडल तेवढं एका सुरात चालत राहिलं. ताईने कप संपवला, दुसरा घेतला, भिंतीला पाठ टेकली. त्या दोघी काहीतरी जुनं आठवून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. बऱ्याच वेळाने ती बाहेर गेली तेव्हा दाजी स्टिअरिंगवर हात ठेवून बसलेले होते आणि थंड पडत चालले होते. डॉक्टर म्हणाले, एका क्षणात गेले असतील. म्हणजे तिने तो दुसरा कप घेतला तेव्हा बाहेर वाट बघणारं कोणी नव्हतं. नुसतं इंजिन चालू होतं.

त्या दिवसापासून गाडीचं आयडल बिघडलं.

ताईला दूरच्या एका शहरात मुलींच्या वसतिगृहात देखरेखीचं काम मिळालं होतं. राहायला स्वतःची खोली, आणि खोलीला आतून कडी. त्या कडीबद्दल तिने मला दोनदा सांगितलं. सुट्ट्या संपायच्या आत तिला तिथे हजर व्हायचं होतं, पण त्याआधी गाडीचा निकाल लागायला हवा, असं तिने बजावलं होतं. मी म्हटलं, तू जा, मी बघतो. ती म्हणाली, "नाही. ती दुसऱ्या कोणाची झालेली मला माझ्या डोळ्यांनी बघायचीय." गिऱ्हाईक तयार होतं. गावाबाहेरचा एक नर्सरीवाला, त्याला रोपं घरोघर पोचवायला अशीच गाडी हवी होती. फक्त आयडल तेवढं नीट करायचं होतं. मला वाटलं, एका दुपारचं काम.

मी नेहमीच्या क्रमाने गेलो. एअर फिल्टर, प्लग, प्लगच्या वायरी. एकेक वायर काढून बघितली, प्रत्येक वेळी इंजिन बरोबर लंगडलं, म्हणजे चारही सिलिंडर इमानदार. डिस्ट्रिब्युटरचं टोपण, टायमिंग. कार्ब्युरेटर खोलून प्रत्येक जेट फुंकून घेतला. व्हॅक्यूमच्या सगळ्या नळ्या नव्या टाकल्या. मॅनिफोल्डच्या गॅस्केटभोवती क्लीनर फवारला. तिथून हवा खात असेल तर अशा वेळी आवाज बदलतो. बदलला नाही. शेवटी फळीवरचा दुसरा, खात्रीचा कार्ब्युरेटर चढवला. मग खुर्ची टाकून बसलो. इंजिन छान चाललं होतं, गुणगुणल्यासारखं. मी बायकोला हाक मारून चहा सांगितला आणि चहा येईपर्यंत आवाज जरासा चढला, खाली आला. थोड्या वेळाने पुन्हा चढला.

असं दोन-तीन दिवस चाललं. मी चिडलो होतो. माझ्या तोंडून काय काय निघत होतं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

माझी बायको शाळेत गणित शिकवते, त्यामुळे घरात चुका काढायला माणूस कायम हजर असतं. सुट्टी असल्यामुळे त्या दिवसांत तर दिवसभर. एकदा ती ताट धुता धुता म्हणाली, "ताई ओट्यावर निवांत बसल्या की ते चढतं. उठल्या की उतरतं. मी कालपासून बघतेय."

मी म्हटलं, ओट्यापासून शेडपर्यंत कुठली व्हॅक्यूमची नळी गेलीय ती मला दाखव. ती पुढचं ताट धुवायला लागली. पण मग मीही बघायला लागलो, आणि न बघता राहिलो असतो तर बरं झालं असतं. ताई भाजी निवडायला बसली की काही नाही. कामात असली, उभी असली, की काही नाही. पण ती कप घेऊन बसली, पाठ टेकली, कोणाशी बोलताना रमली, की शेडमध्ये आवाज चढायचा. हलका. मग थोडा मोठा. आणि ओट्यावर ताईच्या हातातला कप खाली यायचा. तिचं तिलाही कळत नव्हतं. ती बोलत असायची आणि पाय चप्पल शोधत असायचा.

मी कारण शोधलं. माणसाला कारण लागतंच. म्हटलं, हा योगायोग. दुपारी ऊन वाढतं, पेट्रोल गरम होतं, त्याच वेळी ती चहाला बसते. मी सकाळी इंजिन चालू केलं. सकाळीही तेच.

मग एका दुपारी ताई गाडीतला पुढचा खण रिकामा करायला आली. इंजिन चालूच होतं आणि नेमकं चढलेलं होतं. ती डाव्या दाराने आत चढून बसली, सवयीने दार दोनदा आपटलं, आणि इंजिन तिथल्या तिथे शांत झालं. इतकं शांत की बॉनेटवर ठेवलेला पाना हलायचा थांबला. ताई खणातून एकेक वस्तू काढत होती. एक कंगवा, एका दांडीचा चष्मा, वाळलेलं पेन. मी मात्र आनंदाने उडालोच. सीटखालून अर्थिंगची वायर जाते. वजन पडलं की ती दाबली जाते आणि संपर्क नीट होतो. सापडला दोष.

ती उतरली आणि आवाज पुन्हा चढला. मी सीट उचकटली, वायर काढली, नवी टाकली, बोल्ट घासून लख्ख केले. काही फरक नाही. सीटवर वाळूचं पोतं ठेवलं. फरक नाही. मी स्वतः बसलो. बायकोला बसवलं. ती नाक दाबून बसली, आतमध्ये अजून दाजींच्या केसांच्या तेलाचा वास होता. फरक नाही. उतरताना ती म्हणाली, "हा वजनाचा प्रश्न नाही."

"मग कसला?"

"तुम्हाला माहीत आहे," ती म्हणाली आणि घरात गेली.

त्यानंतरची दुपार मला जशीच्या तशी आठवते. ऊन पत्र्यावर तापत होतं, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. ताई आणि बायको ओट्यावर होत्या. माझ्या मुलीचा परगावाहून फोन आला होता आणि तिघी हसत होत्या. मी बॉनेटमध्ये वाकलो होतो. आवाज चढला. मी कार्ब्युरेटरच्या बाजूला बघितलं. रेसची केबल ताणली गेली होती. मी केबल सोडवून टाकली. आता पेडलचा आणि इंजिनाचा काही संबंध उरला नव्हता.

आवाज उतरला. मग पुन्हा चढला, आधीपेक्षा मोठा.

मी दाराशी जाऊन आत डोकावलो. केबल सुटलेली असताना पेडल स्प्रिंगमुळे वर उभं राहायला हवं. ते अर्ध्यापर्यंत दाबलेलं होतं. त्याच्या रबरावर टाचेच्या घर्षणाने पडलेली चमक होती. ती जुनीच होती. पण मी बघत असताना पेडल आणखी थोडं खाली गेलं.

मी पुन्हा पुढे आलो.  एक शेवटची परीक्षा असते, कुठलाही मेकॅनिक ती डोळे मिटून करतो. कार्ब्युरेटरचं तोंड तळहाताने घट्ट बंद करायचं. हवा तोडली की इंजिन तळहात ओढून धरतं आणि गुदमरून बंद पडतं. बंद पडलं नाही तर समजायचं, ते दुसरीकडून कुठून तरी श्वास घेतंय. मी हात ठेवला.

ओढ लागली नाही.

हाताखाली काहीच नव्हतं. वाटीवर हात झाकावा तसा माझा हात नुसता तिथे होता, आणि इंजिन चालू होतं, आणि चढत होतं. आता ते उतरत नव्हतं.

मागे ओट्यावरचं हसणं थांबलं. कप खाली ठेवल्याचा आवाज आला. मग चपला, फरशीवर, अंगणात.

"निघते मी," ताई फोनवर म्हणाली.

त्या क्षणी माझा तळहात आत खेचला गेला. कातडी सोलवटली. इंजिन दोन आचके देऊन बंद पडलं. ताई अंगणाच्या मधोमध हातात फोन घेऊन उभी होती आणि आपण कुठे निघालो होतो ते आठवत होती.

दुसऱ्या दिवशी नर्सरीवाला येणार होता. मी रात्रभर ठरवत राहिलो की काही ठरवायचं नाही. गाडी जाऊ दे. एकदा गेली की संपलं, नर्सरीवाल्याच्या घरात कोणाला तिचं काय. आणि सकाळी मी ते केलं जे या धंद्यातला कुठलाही माणूस न विचारता करतो. गिऱ्हाईकासमोर दोष झाकायचा. टपेट वाजत असतील तर जाड तेल टाकतात, गिअर ओरडत असतील तर घट्ट ग्रीस भरतात. माझ्याकडे यापेक्षा चांगला उपाय होता. मी ताईला म्हटलं, तो येईल तेव्हा तू जरा गाडीत बस. थोडा वेळ.

ताई माझ्याकडे बघत राहिली. बायकोने हातातलं भांडं ओट्यावर आपटलं.

"किती वेळ?" ताईने विचारलं.

तेवढंच विचारलं. नाही म्हणाली असती तर मी गप्प बसलो असतो. पण नाही म्हणायची तिला सवय कुठे होती. मी ते जाणून होतो आणि त्यावरच भिस्त ठेवली. ती घरात गेली, साडी बदलून, केस विंचरून आली. हातात पर्स. चढली, दार दोनदा आपटलं, पर्स मांडीवर घेतली, गुडघे जवळ घेतले, आणि समोर काचेबाहेर बघत बसली. ती तिथे नेहमी अशीच बसायची. मी किल्ली फिरवली. असं आयडल मी नव्या गाडीचंसुद्धा ऐकलेलं नाही.

नर्सरीवाला गोल अंगाचा, नखांत माती असलेला, बडबड्या माणूस. त्याने बॉनेटवर पाण्याचा पेला ठेवला आणि पाण्यावर तरंग उठत नाही ते बघून खूश झाला. "बाई बसल्या की इंजिनसुद्धा शिस्तीत," तो म्हणाला. मी हसलो. गिऱ्हाईकाच्या विनोदावर हसावं लागतं. मग तो ताईला घेऊनच एक फेरी मारून आला. परत येऊन म्हणाला, उद्या माणूस घेऊन येतो आणि गाडी नेतो. मी त्याला फाटकापर्यंत सोडून आलो.

गाडी शेडच्या तोंडाशी उभी होती, चालू. ताई आतच होती.

"झालं. उतर आता."

ती उतरली नाही. तिने मान वळवली नाही. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, तेच मला बघवेना. गेल्या काही आठवड्यांत तिच्या चेहऱ्यावर आलेलं काहीतरी, नीट झोप लागणाऱ्या माणसाचं असतं तसं, ते पुसलं गेलं होतं आणि त्याखालची माझी जुनी ताई वर आली होती.

"किती शांत चाललीय बघ," ती म्हणाली. "उगाच चिडचिड नाही."

मी हात घालून किल्ली बंद केली. इंजिन लगेच बंद झालं, कुरकुर न करता. ताई सावकाश उतरली, पदर सारखा केला आणि मला विचारलं, "घरी निघायचं का?" ती घरीच उभी होती. बायको दारातून बघत होती. त्या रात्री बायको एवढंच म्हणाली, "तुम्ही त्यांना परत बसवलंत."

सकाळी मी नर्सरीवाल्याला फोन करून नाही म्हणून सांगितलं. त्याने मला जे सुनावलं ते मी ऐकून घेतलं. मग चेन-पुली लावून इंजिन बाहेर काढलं. हेड वेगळं, ब्लॉक वेगळा, पिस्टन रांगेत फरशीवर. कार्ब्युरेटर मी ऐरणीवर ठेवून घणाने फोडला. पेडल कापून काढलं. दुपारी भंगारवाला आला आणि सांगाडा त्याच्या माणसांनी कटरने चार तुकड्यांत कापला. डावं दार मात्र त्यांना सुटेना, ते तसंच लॅचसकट ट्रकवर चढलं. ब्लॉक वितळवायला गेला. आयुष्यात मी शेकडो इंजिनं जोडली, पण एवढं समाधान मला कधी झालं नव्हतं. ताई सगळा वेळ ओट्यावर बसून बघत होती. मी तिच्या हातात कप दिला. अंगणात चिमण्यांखेरीज आवाज नव्हता. तिने तो कप पूर्ण प्यायला, आणि बायको आत जाऊन रडली.

ताई बसने गेली. खिडकीची जागा मिळाली होती. बस सुटेपर्यंत ती आमच्याशी बोलत होती, बसचं इंजिन धडधडत होतं, आणि तिने एकदाही दचकून मागे बघितलं नाही. मी ते मुद्दाम बघत होतो.

पहिले फोन किती मोठे यायचे. ताई सांगायची, खोलीची खिडकी पूर्वेला आहे. मुली लबाड आहेत, मांजराला चोरून दूध पाजतात आणि मला मावशी म्हणतात. संध्याकाळचं काम आटपलं की मी दाराला कडी घालून चहा घेते, कितीही वेळ. बायको फोन स्पीकरवर ठेवून स्वयंपाक करायची आणि भाजी करपायची. मीही माझ्या मनाशी सगळी गोष्ट बंद करून टाकली होती. गाडी गरम होती, मी थकलेलो होतो, हाताची कातडी जाड झालेली आहे, ओढ कळली नसेल. पेडल अडकलं असेल. माणूस स्वतःला बरंच काही पटवू शकतो.

मग फोन थोडे लहान झाले. कामं वाढली असतील, आम्ही म्हटलं.

एका रविवारची गोष्ट. दुपारी तिचाच फोन आला. बायको बोलली, हसली, आणि हात पिठाचे म्हणून फोन माझ्याकडे दिला. ताई त्या मांजराच्या पिल्लांबद्दल सांगत होती. मी हं हं करत होतो. मांजराचं बोलणं थांबवलं ते तिने नाही, मी. कारण तिच्या आवाजाच्या मागे मला काहीतरी ऐकू आलं होतं.

कुठलंही इंजिन दुसऱ्यासारखं वाजत नाही. त्या पिकअपच्या तिसऱ्या सिलिंडरचा एक व्हॉल्व मी माझ्या हाताने जरा सैल बसवला होता. त्याचा एक बारीक टिकटिकता आवाज यायचा, जो फक्त मला कळायचा.

"ताई," मी म्हटलं, "बाहेर कोणाची गाडी आहे?"

काय विचारतोय हा, असा तिचा सूर लागला. 

"गाडी ना? आहे की. बाहेर उभी आहे."

मागे आवाज जरासा चढला. खाली आला.

"ताई, ऐक. दाराला कडी आहे ना? कडी घाल. तुझा चहा झाला का?"

"अर्धा राहिलाय." कप कुठेतरी टेकल्याचा आवाज आला. "असू दे. निघते मी."

मी तिला हाका मारल्या. बायको पिठाच्या हातांनी धावत आली. फोन कापलेला नव्हता, ताई तो तसाच हातात घेऊन चालत होती. चपला फरशीवर ऐकू आल्या, दाराची कडी काढल्याचा आवाज आला, मग चपला मातीत.  आवाज जवळ आला. मग एक दार हलकं लागलं, आणि लगेच पुन्हा, जोरात.

मी कान लावून ऐकत राहिलो. सवयच आहे ती. चढ नाही, उतार नाही, कुठे अडखळणं नाही. इतके दिवस मी जो दोष शोधत होतो तो आता राहिला नव्हता. इंजिन एकसारखं चाललं होतं.